चाक नवे आहे. सरळ आहे का?



वाचकहो, आपल्या वस्तीत चारचाकी गाडी येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणी मुंबईत नोकरी करून पै पै साठवून घेतो, कुणी गोव्याच्या कारखान्यात राबून घेतो, कुणी बँकेचे कर्ज काढून पर्यटकांची भाडी मारण्यासाठी घेतो. दारात गाडी उभी राहिली की वाडीतली पोरे भोवती जमतात. म्हातारी माणसे काठी टेकत येतात आणि पत्र्यावरून हात फिरवतात. त्या हात फिरवण्याचा अर्थ ज्याला आपला इतिहास ठाऊक आहे त्यालाच कळेल.

१९०१ साली लहानगा भीमराव घरच्या मुलांबरोबर वडिलांच्या भेटीला निघाला. मसूर स्टेशनवर ही मुले उतरली. जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना बसवून घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. पुढे बाबासाहेब बॅरिस्टर झाले, सरकारी समितीचे सभासद झाले. तरीही १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये चाळीसगावला कुणी टांगेवाला त्यांना न्यायला तयार झाला नाही. आपल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. ह्या दोन्ही हकिकती त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत.

आज चाक आपल्या मालकीचे आहे आणि हाकणाराही आपलाच आहे. म्हणून त्या चाकाची जबाबदारीही आपलीच आहे. ह्या आठवड्याचा विषय आम्ही त्यासाठीच घेतला आहे. विषय साधा, गॅरेजमधला आहे : नव्या गाडीचे व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे का? आमचे उत्तर एका शब्दात : घ्यावे. का आणि कसे, ते पुढे सांगतो.

अलायमेंट म्हणजे काय?

गॅरेजवाले ह्याला ‘अलायमेंट’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू. गाडीची चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी ठरलेल्या कोनात उभी आहेत की नाहीत, हे पाहणे आणि नसतील तर जुळवणे, एवढेच ते काम. कोन मुख्यतः तीन.

पहिला ‘टो’. गाडीकडे वरून पाहिले तर पुढची दोन चाके समांतर आहेत, की त्यांची तोंडे आत वळली आहेत, की बाहेर? एखादा माणूस पावले आत टाकून चालतो, एखादा फेंगडा चालतो. त्याच्या चपलेची टाच एकाच बाजूने झिजते. टायरचे तसेच होते.

दुसरा ‘कॅम्बर’. समोरून पाहिले तर चाक ताठ उभे आहे, की वरच्या बाजूने आत किंवा बाहेर झुकले आहे? झुकले असेल तर टायरची एकच कड जास्त भार घेते आणि तीच खाल्ली जाते.

तिसरा ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा फोर्क बघा. तो सरळ उभा नसतो, स्वाराकडे थोडा कललेला असतो. त्यामुळेच हँडल आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीतही तशीच सोय असते. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक मागे फिरते, त्यात ह्या कोनाचा मोठा वाटा असतो.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ह्या तीनपैकी पुढच्या चाकांचा टो तेवढा सहज जुळवता येतो. स्टेअरिंगपासून दोन्ही चाकांकडे एक-एक दांडी गेलेली असते, तिला टाय रॉड म्हणतात. ती फिरवून लांब-आखूड करायची, की चाकाचे तोंड वळते. आमच्या पिंगुळीच्या लोकांना हे समजावणे सोपे आहे. इथले ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. ह्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीची एक दोरी बोटभर आखूड झाली तर बाहुली कितीही नवी, कितीही नटवलेली असो, ती कलणारच. टाय रॉडचे तसेच आहे.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. अलायमेंट वेगळे आणि बॅलन्सिंग वेगळे. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर तो बहुधा बॅलन्सिंगचा दोष असतो. रिंगला लहान वजने लावून तो काढतात. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर अलायमेंटकडे पाहावे. दोन्हींचे पैसे वेगळे लागतात. म्हणून आपल्याला कोणते काम हवे आहे, हे ठाऊक असलेले बरे.

नव्या गाडीला कशाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीची चाके जुळवलेलीच असतात, ही गोष्ट खरी. पण कारखाना आणि आपले दार यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर असतात. गाडी लांबलचक ट्रेलरवर चढवली जाते, पट्ट्यांनी आवळून बांधली जाते, पुन्हा उतरवली जाते. गोदामाच्या आवारात अनोळखी माणसे ती इकडून तिकडे नेतात. एखाद्या वेळी चाक दगडी कठड्याला जोराने घासते. पुढे शोरूमपर्यंतच्या रस्त्यात एखादा खड्डा भेटतो. शिवाय गाडी नवी असताना स्प्रिंगा आणि रबरी बुश सुरुवातीच्या प्रवासात थोडे बसतात. ह्या सगळ्यातून गेल्यावर पुष्कळ गाड्या सरळच राहतात. पण आपली गाडी त्या सरळ राहिलेल्यांपैकी आहे, हे कशावरून?

आणि आपल्या कोकणातला रस्ता! महामार्ग रुंद झाला तरी घरापर्यंतची वाट वाडीतूनच जाते. जांभ्या दगडाचा चढ, पावसाने उकरलेली कड, पाण्याखाली दडलेला खड्डा. जूनमध्ये घेतलेली गाडी सप्टेंबरपर्यंत काय काय सोसते, ते आपण पाहतोच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पुष्कळांची समजूत असते की गाडी डावी-उजवीकडे ओढत नाही, म्हणजे अलायमेंट ठीक. तसे नाही. दोन्ही चाके सारखीच आत किंवा सारखीच बाहेर वळलेली असली तर त्यांची ओढ एकमेकांना छेदते. गाडी अगदी सरळ धावते, स्टेअरिंगही मधोमध राहते. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही. पण दोन्ही टायर मात्र दर क्षणी आडवे घासत असतात.

किती घासतात? आम्ही कॉमर्सचे, तेव्हा हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. लहान गाडीचे चाक सुमारे ५६० मिलिमीटर व्यासाचे धरा. त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त दीड मिलिमीटर वाकडी आहे, असे समजा. दीड मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. दीडला ५६० ने भागा आणि एक किलोमीटरला लावा. चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेतीन मीटर आडवे ओढले जाते. पिंगुळीहून मुंबई साधारण पावणेपाचशे किलोमीटर. म्हणजे मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी परत पोहोचेपर्यंत त्याचे टायर जवळजवळ तेराशे मीटर रस्त्यावर आडवे खरवडले गेले. टायरला तोंड नाही, म्हणून तो बोलत नाही.

सहा दिवसांचे चाक

तथागतांनी वाराणसीजवळ ऋषिपतन मृगदावात भिक्खूंना एका चाकाची गोष्ट सांगितली होती. अंगुत्तर निकायाच्या त्रिक निपातात ती आहे. आम्ही ती आमच्या शब्दांत सांगतो.

पचेतन नावाचा एक राजा होता. त्याने आपल्या रथकाराला बोलावून सांगितले, सहा महिन्यांनी लढाई आहे, चाकांची नवी जोडी करून दे. रथकार कामाला लागला. सहा महिन्यांना सहा दिवस उरले, तोवर त्याचे एकच चाक पुरे झाले होते. राजाने विचारले, आता सहा दिवसांत दुसरे होईल का? रथकाराने ते सहा दिवसांत पुरे केले आणि दोन्ही चाके राजापुढे ठेवली. राजाने निरखून पाहिले, त्याला काहीच फरक दिसेना. रथकार म्हणाला, फरक आहे महाराज, पाहा. त्याने सहा दिवसांचे चाक सोडले. जोर होता तोवर ते गेले, मग गरगरले आणि जमिनीवर पडले. मग दुसरे चाक सोडले. तेही जोर होता तोवर गेले आणि मग आसावर बसवल्यासारखे ताठ उभे राहिले. पहिल्या चाकाची धाव, आरे आणि तुंबा यांत बाक होता, दोष राहून गेले होते. दुसऱ्यात ते नव्हते.

तो रथकार म्हणजे पूर्वी मीच होतो, असे सांगून भगवंतांनी पुढे उपदेश केला की, तेव्हा लाकडाचा बाक मला कळत होता, आता काया, वाचा आणि मनाचा बाक कळतो. भिक्खूंनी तो बाक काढून टाकावा.

बांधवांनो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या गोष्टीत शोरूमचा सगळा धडा आहे. नुसते पाहून राजालाही फरक कळला नाही. चाक नवे होते, चकचकीत होते, वेळेवर तयार झाले होते. तरीही ते वाकडे होते. आणि रथकाराने राजाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही. त्याने चाक फिरवून दाखवले. ‘एहि पस्सिको’, या आणि पाहा, ह्या धम्माच्या लक्षणाचे याहून साधे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आणि आपण काय करतो? नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, पुढे मिरची बांधतो. आपल्यातही काही घरांत हे अजून चालते, ते नाकारण्यात अर्थ नाही. लिंबू चिरडले गेले, एवढेच कळते. चाक सरळ आहे की नाही, ते लिंबाला सांगता येत नाही. नव्या गाडीपाशी त्रिसरण-पंचशील जरूर घ्या, घरच्या ज्येष्ठांचे आशीर्वाद घ्या. पण त्यानंतर चाक मशीनवर लावून बघा.

एका घरातली गोष्ट

आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. वडील एस.टी.च्या आगारात टायर विभागात मदतनीस होते, आता निवृत्त झाले. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलाने कर्ज काढून प्रवासी वाहतुकीची छोटी गाडी घेतली. कुडाळ स्टेशनवर उतरणाऱ्या पर्यटकांना मालवण, तारकर्लीला न्यायचे-आणायचे, असा त्याचा बेत. शोरूममध्ये हार घालून, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो झाला. गाडी घरी आली.

सात-आठशे किलोमीटर झाले असतील. मुलगा आईला म्हणाला, गाडी सरळ चालते, पण स्टेअरिंग जरासे डावीकडे कललेले राहते. सवय होईल. शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले, ‘अरे, नवी गाडी ती. तिका इतक्यात काय धाड भरली?’

वडील काही न बोलता उठले. गाडी सपाट अंगणात उभी होती, टायर थंड होते. त्यांनी पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवला, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत गेला. दुसऱ्या दिशेने रबराची बारीक धार बोटांना लागली, करवतीच्या दात्यांसारखी. ते म्हणाले, ‘नवी म्हणान सरळ असता, असा कोणी सांगल्यान तुका? रबराक नवा-जुना कळणा नाय.’ आईने एकच विचारले, ‘हप्तो बँकेक भरूचो की टायरवाल्याक?’

पहिल्या सर्व्हिसच्या वेळी बापलेक दोघे गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, नव्या गाडीला अलायमेंट लागत नाही. वडिलांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, लागत नसेल तर मशीन तसे सांगेल, तुम्ही तक्रार जॉब कार्डवर लिहा. ‘स्टेअरिंग मधोमध नाही, पुढच्या टायरवर धार आली आहे’, असे मराठीत लिहून घेतले आणि खाली सही केली. गाडी मशीनवर चढली. पुढच्या टोचा आकडा पडद्यावर लाल दिसला. पाना लावला, दांडी फिरवली, लालचा हिरवा झाला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे छापलेला कागद त्यांनी मागून घेतला आणि पैसे भरून पावती घेतली.

काउंटरवरच्या त्या मुलावर आमचा राग नाही. त्याला जे शिकवले ते तो बोलला. आम्हाला सांगायचे आहे ते वडिलांच्या सरळ उभे राहण्याबद्दल. आपली माणसे लाखो रुपये मोजून गाडी घेतात, पण काचेच्या दालनात गेल्यावर अंग चोरून बसतात. प्रश्न विचारला तर लोक काय म्हणतील, अशी भीती वाटते. पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे राहण्याची सवय लादली गेली, तिचे हे उरलेले अंग आहे. गिऱ्हाईक म्हणून पैसे मोजतो, तेव्हा कागद मागणे हा आपला हक्क आहे.

पैशाचा हिशेब

पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

समजा एक टायर ४,००० रुपयांना. पुढचे दोन ८,००० ला. नीट जुळलेली चाके असतील तर ते ४०,००० किलोमीटर चालले. अलायमेंट बिघडलेले असेल आणि तेच टायर २०,००० ला संपले, तर त्याच प्रवासाला दोनदा जोडी घ्यावी लागली, म्हणजे १६,०००. जादा खर्च ८,००० रुपये. आता तपासणीचा खर्च. दर १०,००० किलोमीटरला एकदा, प्रत्येक वेळी ५०० रुपये धरले, तर ४०,००० ला चार वेळा, म्हणजे २,०००. ते वजा केले तरी ६,००० रुपये घरात राहिले. एका मुलाची वर्षाची पुस्तके, वह्या आणि दप्तर त्यातून येईल. भाड्याच्या गाडीचे किलोमीटर भराभर वाढतात, तिचा फायदा याहून अधिक.

आणि हा झाला नुसता रबराचा हिशेब. झिजलेल्या टायरची ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही, पाणी बाजूला सारायला नक्षीच उरलेली नसते. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर बदलायची वेळ झाली. पण एका कडेने झिजलेला टायर फसवतो. मध्ये नक्षी शाबूत दिसते आणि आतल्या कडेची, आपल्याला न दिसणारी बाजू साफ झालेली असते. जुलैच्या पावसात झारापच्या पुढे उतारावर ब्रेक मारावा लागला, तर त्या कडेवर घरच्या पाच माणसांचा जीव असतो. त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

काय पाहावे, काय मागावे

हा भाग कापून गाडीच्या कागदांबरोबर ठेवलात तरी चालेल.

१. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी शोरूमवाले एक तपासणी करतात, तिला पी.डी.आय. म्हणतात. तिचा भरलेला कागद पाहायला मागा. गाडी दिवसाउजेडी घ्या.

२. चारही टायर आणि स्टेपनीची हवा आपल्यासमोर मोजून घ्या. किती हवा हवी, तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. वाहतुकीसाठी काही वेळा हवा जास्त भरलेली असते. हवा कमी-जास्त असेल तर चाके जुळवूनही गाडी ओढू शकते. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी.

३. पैसे चुकते करण्याआधी चालवून पाहा. सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगाने. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग मधोमध आहे का, ते बघा. हात सोडून पाहण्याचे धाडस करू नका, हलकेच धरले तरी ओढ कळते. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात. त्यामुळे डावीकडे किंचित ओढ वाटणे हा दोषच असतो, असे नाही. म्हणून जागा सपाट हवी.

४. पहिल्या हजारभर किलोमीटरनंतर, म्हणजे पहिल्या सर्व्हिसच्या सुमारास, अलायमेंट एकदा तपासून घ्या. पुढे दर पाच ते दहा हजार किलोमीटरला. मोठा खड्डा बसला, चाक कठड्याला आदळले, नवे टायर घातले किंवा खालच्या बाजूचे काम केले, तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच तपासा.

५. मशीनवर गाडी चढवण्यापूर्वी त्यांनी हवा तपासली का, चाके हलवून खालचे सांधे ढिले आहेत का ते पाहिले का, इकडे लक्ष द्या. सांधा ढिला असताना केलेले अलायमेंट टिकत नाही. मशीनमध्ये आपल्याच गाडीचे मॉडेल निवडले आहे ना, तेही बघा. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे असतात.

६. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागा. मग गाडी थोडी चालवून स्टेअरिंग मधोमध आले का, ते पाहा. आले नसेल तर तिथेच सांगा.

७. कुणी ‘कॅम्बर बिघडला आहे, दाबून सरळ करू’ असे म्हणाला, तर थांबा. कंपनीने दिलेला आकडा आणि आपला आकडा दोन्ही दाखवायला सांगा. कोन खरोखर चुकला असेल तर वाकलेला भाग शोधून तो बदलणे योग्य. जॅक लावून पोलाद वाकवणे हा इलाज नव्हे.

घरातल्या मुलींनी आणि सुनांनीही हे वाचावे. आज त्याही गाडी चालवतात. टायरवर तळहात फिरवून पाहायला मिशा लागत नाहीत!

हक्काची बाजू

गाडीच्या वॉरंटीचे पुस्तक घरी आणल्यावर एक संध्याकाळ बसून वाचा. अलायमेंट हे बहुधा देखभालीचे काम धरतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. पण गाडी ताब्यात घेतल्याबरोबर दोष दिसला, तर तो त्याच आठवड्यात लेखी कळवा. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि दोष, ह्या तीन गोष्टी लिहा आणि एका प्रतीवर पोच घ्या.

ऐकून घेतले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. भाड्याची गाडी असलेल्या तरुणांना कुणी सांगते की तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. स्वतः राबून, स्वयंरोजगारासाठी आणि पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ह्या अपवादातून वगळली आहे. हे लक्षात ठेवा.

हे काम शिकणारे हात

शेवटी एक गोष्ट तरुणांसाठी. चाळीसगावच्या त्या टांगेवाल्या बांधवाला दोष देता येत नाही. त्याने माणुसकीने लगाम हाती घेतला. त्याला ती विद्या कुणी शिकू दिली नव्हती आणि ज्यांना ती येत होती त्यांनी पाठ फिरवली. आज विद्येचे दार उघडे आहे. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अलायमेंटचे मशीन चालवायला आकडे वाचता येणे, हात स्थिर असणे आणि मन प्रामाणिक असणे, एवढे भांडवल लागते. महामार्गावर गाड्या वाढत आहेत आणि प्रत्येक गाडीला चार चाके आहेत. आपल्या मुलांनी नुसते स्टेअरिंग धरू नये, पानाही धरावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून काम करते. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्या कोणत्या योजना चालू आहेत, याची चौकशी करा. अर्ज भरण्यात अडचण आली तर वस्तीतल्या शिकलेल्या माणसाने सोबत जावे.

वाचकहो, येत्या रविवारी विहारातली वंदना झाली की ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनी ती सपाट जागी उभी करून टायरवर हात फिरवून पाहावा. बोटांना धार लागली तर सोमवारी गाडी मशीनवर न्यावी आणि छापील कागद घेऊन यावे. तो कागद गाडीच्या पुस्तकात, कर्जाच्या पावतीशेजारी ठेवावा. दोन्ही कागद आपल्या घामाचे आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!